न्यायाधीशाचा मुलगा



पांझरेकाठच्या धुळ्यात गीतेच्या संमेलनासाठी गावोगावहून आलेल्या अभ्यासकांचे स्वागत. इथल्या पोथ्यांची थोरवी सांगायला लागलो तर माझा वेळ त्यातच संपेल. शंकर श्रीकृष्ण देवांनी जन्मभर हिंडून जमवलेली समर्थ संप्रदायाची बाडे वाग्देवता मंदिरात आहेत, इतिहासाचार्य राजवाड्यांचा संग्रह त्यांच्या नावाच्या संशोधन मंडळात आहे. ते सारे सवडीने पाहा. गीतेच्या वाचकांनी मात्र या गावाचा तुरुंग आधी आठवावा, असे मला वाटते.

२१ फेब्रुवारी १९३२च्या रविवारी तिथे कैदेत असलेल्या विनोबा भावे यांनी गीतेचा पहिला अध्याय सांगायला घेतला. रविवारी एक, असे करत १९ जूनला अठरा अध्याय पुरे झाले. साने गुरुजींनी टिपून घेतले म्हणून ‘गीता प्रवचने’ आपल्या हाती आली. समोर बसलेले सत्याग्रही इंग्रज सरकारशी भांडून आत आलेले. युद्ध म्हटले की त्यांच्या डोळ्यांपुढे साहेबच येणार! विनोबांनी पहिल्याच दिवशी त्यांची नजर आत वळवली. अर्जुनाला हिंसेचा वीट आला नव्हता, स्वजन समोर दिसले म्हणून तो तत्त्वज्ञान बोलू लागला, हे त्यांनी न्यायाधीशाच्या दाखल्याने सांगितले. शेकडोंना फाशी सुनावणारा हा गृहस्थ. पोटचा मुलगा आरोपी म्हणून समोर येताच त्याला फाशीची शिक्षाच अमानुष वाटू लागते.

हा दाखला वाचताना अर्जुनापेक्षा माझीच पंचाईत होते. संस्थेच्या कामात भाच्याचा अर्ज आला की नियमांमागची माणुसकी मला एकदम दिसायला लागते.

आपल्याकडे गीतेच्या पारायणांना तोटा नाही. त्यांना मी नावे ठेवणार नाही. ओठांवर बसलेला श्लोक अडचणीत धावून येतो. पण आवर्तनांचा आकडा सांगणाऱ्याला मी हल्ली विचारतो, राग कितपत उतरला? उत्तर बहुधा रागानेच मिळते. विनोबांनी चौथ्या अध्यायात नेमके हेच धरले आहे. पिंडीवर पाण्याची धार धरली आणि मनाची धार लागलीच नाही, तर तो अभिषेक कसला? बाहेरच्या कर्माला चित्तशुद्धीच्या या आतल्या कामाची जोड हवी, त्यालाच ते विकर्म म्हणतात. नेमून दिलेले काम रोज करावे लागणाऱ्या कैद्यांना हे आपल्यापेक्षा लवकर कळले असावे.

म्हणून वक्त्यांना स्वागत समितीची एक विनंती आहे. शंकराचार्य, ज्ञानदेव, टिळक यांची मते जरूर मांडा, त्यासाठीच तर जमलो आहोत. पण एखाद्या श्लोकाने तुमची स्वतःची कोणती खोड अडवली, तेही सांगा. संकोच वाटला तर ती शेजाऱ्याची म्हणून सांगा, आम्ही समजून घेऊ.

दुपारी जेवणात खानदेशी शेवभाजी आहे, आणि ती तिखट आहे. ज्यांची समत्वबुद्धी अजून तितकी पक्की झाली नसेल, त्यांच्यासाठी वरण-भाताची वेगळी पंगत ठेवली आहे.