स्तूपाचा पॅनोरमा: फोटोंचे सांधे आणि थर

नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप जवळून टिपायचा तर तो एका फोटोत सहसा मावत नाही. वास्तुविशारद शेओ दान मल यांच्या आराखड्यानुसार बांधलेला आणि २००१ साली खुला झालेला हा स्तूप सुमारे १२० फूट उंच आहे. मग शेजारशेजारचे फोटो घेऊन ते संगणकावर जोडावे लागतात. हाच पॅनोरमा.

जोडकाम साधणार की नाही, हे बरेचसे फोटो काढतानाच ठरते. कॅमेरा उभा धरावा आणि आधीच्या फोटोचा साधारण एक तृतीयांश भाग पुढच्या फोटोत पुन्हा घ्यावा. जुळवणीच्या खुणा सॉफ्टवेअर याच सामाईक भागात शोधते. एक्स्पोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स मॅन्युअलवर ठेवावेत. ऑटोवर पांढरा घुमट समोर आला की कॅमेरा फोटो गडद करतो, झाडी आली की उजळ. मग जोडलेल्या आकाशात पट्टे दिसतात. नागपूरच्याच झीरो माइल स्तंभाजवळच्या घोड्यांच्या पुतळ्यांसारखी वस्तू अगदी पुढ्यात असेल, तर कॅमेरा ट्रायपॉडवर अशा बेताने फिरवावा की भिंग जागचे हलणार नाही. एरवी घोडा मागच्या दृश्याच्या तुलनेत सरकतो आणि सांध्यावर त्याला पाचवा पायही फुटू शकतो!

हगिन हे मोफत सॉफ्टवेअर किंवा फोटोशॉप फोटो आपोआप जोडते. पण सांधा कुठे पडावा, हा निर्णय यंत्रावर सोडू नये. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या गर्दीत एकच माणूस दोन फोटोंत येतो किंवा अर्धाच उरतो. अशा वेळी प्रत्येक फोटो वेगळ्या लेयरवर, म्हणजे थरावर, ठेवून मास्क वापरावा. मास्कवर काळा रंग फिरवला की त्या लेयरचा तेवढा भाग झाकला जातो, पांढऱ्याने पुन्हा दिसतो. मूळ फोटो शाबूत राहतो. खोडरबराने पुसण्यापेक्षा मास्क बरा तो यासाठीच. आकाशात ब्रश मऊ असावा, दगडी कडेवर कडक. सांधा शक्यतो खांबाच्या किंवा तोरणाच्या कडेने न्यावा.

उजेड आणि रंगाच्या दुरुस्त्याही स्वतंत्र लेयरवरच कराव्यात. क्षितिज सरळ करून मगच कडा कापाव्यात. मूळ फाइल पीएसडी किंवा लेयरसह टिफमध्ये जपावी. जेपेगमध्ये सगळे लेयर एक होतात, म्हणून ती प्रत फक्त पाठवण्यापुरती.