ढगातली ठेव



आजच्या व्याख्यानाच्या नावात ढग आहेत आणि दिवस उन्हाळ्याचे आहेत. तेव्हा वळिवाच्या पावसाविषयी काही ऐकायला मिळेल अशा आशेने कोणी आले असेल, तर त्यांची निराशा होणार आहे. मला बोलायचे आहे ते आपणां सर्वांच्या घरांत रोज होत असलेल्या एका देवघेवीविषयी. ही देवघेव इतकी निमूटपणे चालते की, आपण काही देत आहोत हेच पुष्कळदा ध्यानात येत नाही.

आपण फोनने छायाचित्र काढतो. ते फोनमध्ये राहते असे आपण समजतो. परंतु आपण झोपलेले असताना त्याची एक नक्कल तारेवाटे दूरच्या कोठल्या तरी इमारतीत जाऊन बसते. मुलांच्या गुणपत्रिका, आजीच्या आवाजातील ओव्या, घराच्या खरेदीखताची प्रत, दुकानाचा जमाखर्च, ग्रंथालयाची सूची, हे सारे हळूहळू आपल्या कपाटातून उठून तिकडे चालले आहे. या व्यवस्थेला इंग्रजीत ‘क्लाउड’ म्हणतात आणि आपणही आता तोच शब्द वापरतो.

हे नाव मोठे फसवे आहे. संपर्काच्या जाळ्याचे चित्र काढताना ज्या भागाचा तपशील दाखवण्याचे कारण नसे, तो भाग अभियंते ढगाची आकृती काढून दाखवीत. संदेश येथून निघाला, ढगात शिरला, पलीकडे उतरला. मधले काय ते समजून घ्यावे. त्या आकृतीवरून हे नाव रूढ झाले. ते ऐकले की मनात येते, आपली माहिती आकाशात कोठेतरी तरंगत आहे. तेथे ना वाळवी, ना चोर, ना आग, ना पूर. वस्तुतः हा ढग चांगला सिमेंटकाँक्रीटचा आहे. त्याला भिंती आहेत, दारावर पहारा आहे. आत रांगांनी मांडलेले संगणक रात्रंदिवस चालतात, तापतात, आणि त्यांना थंड ठेवण्यासाठी मोठी यंत्रे लागतात. वीज गेली तर काम थांबू नये म्हणून बॅटऱ्यांची कपाटे आणि डिझेलची जनित्रे असतात. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली आपल्या पुण्यात, मुंबईत आणि चेन्नईत या सेवेची केंद्रे सुरू केली; अ‍ॅमेझॉनने २०१६ साली मुंबईत. म्हणजे हा ढग कित्येकदा आपल्या जिल्ह्याच्या नकाशावरही सापडतो.

ही कल्पना कालपरवाची नाही. १९६१ साली अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या शताब्दीच्या वेळी जॉन मॅकार्थी या संगणकशास्त्रज्ञाने असे भाकीत केले होते की, टेलिफोनप्रमाणे संगणकाची शक्तीही एक दिवस सार्वजनिक सेवा म्हणून घरोघर पुरवली जाईल. ते प्रत्यक्षात यायला चाळीसाहून अधिक वर्षे लागली. २००६ च्या मार्चमध्ये अ‍ॅमेझॉनने भाड्याने साठवणूक देण्याची आपली सेवा उघडली आणि नंतर ड्रॉपबॉक्स, आयक्लाउड, गूगल ड्राइव्ह अशी दुकाने एकामागून एक उभी राहिली.

या सेवांची करामत मोठी आहे, हे प्रथम मोकळेपणाने मान्य केले पाहिजे. त्या अ‍ॅमेझॉनच्या सेवेच्या सर्वसाधारण योजनेत आपल्या वस्तूच्या नकला किमान तीन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवतात. एखादी तबकडी बिघडली की यंत्रच ते ओळखते आणि शिल्लक नकलांवरून नवी नक्कल तयार करते. त्या कंपनीचा स्वतःचा हिशेब असा आहे की, एक कोटी वस्तू ठेवल्या तर सरासरीने दहा हजार वर्षांत एखादी वस्तू गमवावी लागेल. आपल्या घरच्या लोखंडी कपाटाला असा दाखला कोणी देणार नाही. तेव्हा ‘हे सगळे थोतांड आहे, कागदच बरा’ असे सांगायला मी येथे उभा नाही.

परंतु हा हिशेब बिघडणाऱ्या तबकड्यांचा आहे. तुम्ही स्वतः एखादी वस्तू पुसून टाकलीत, परवलीचा शब्द विसरलात, भाडे थकवलेत, किंवा कंपनीने आपला विचार बदलला, तर त्या हिशेबाचा उपयोग नाही. येथे तबकडीचे शास्त्र संपते आणि ठेवीचे शास्त्र सुरू होते. आणि ते शास्त्र फार जुने आहे.

याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात उपनिधीचे, म्हणजे ठेवीचे, एक लहानसे प्रकरण आहे. पेटीत बंद करून, आत काय आहे ते न सांगता, दुसऱ्याच्या हाती दिलेली वस्तू ती उपनिधी. ती जशी दिली तशी परत करायची. राजाने नेली, दैवी आपत्तीत गेली किंवा चोरांनी लुटली, तर ठेव सांभाळणाऱ्याने भरून देण्याचे कारण नाही. मात्र मालकाने मागितल्यावर त्याने दिली नाही आणि मग ती गेली, तर भरपाईही द्यावी आणि दंडही. आणि आपल्या मर्जीने ती ठेव वापरून त्याने स्वतःची उपजीविका केली, तर तो दंडाला पात्र होतोच, शिवाय ठेव वाढाव्यासह परत करावी लागते. 

क्लाउडचे खाते उघडताना जो लांबलचक करारनामा आपण न वाचता ‘मान्य’ करतो, त्याच्या पोटात हेच प्रश्न असतात. सरकारने मागितले तर काय, आपत्ती आली तर काय, चोरी झाली तर काय, आणि आमच्या माहितीचा उपयोग तुम्ही तुमच्या धंद्यासाठी करणार की नाही? आपल्या संसदेने २०२३ साली वैयक्तिक डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. ज्या कामासाठी संमती घेतली त्याच कामासाठी माहिती वापरावी, हा त्याचा रोख याज्ञवल्क्याला अपरिचित वाटला नसता. फरक एवढाच की, त्या काळी ठेव देणारा सांभाळणाऱ्याचे घर आणि घराणे पाहून ठेव देई. आपण घर पाहत नाही, घराणे पाहत नाही. करारही वाचत नाही. म्हणून अशा ठेवीबद्दल प्रत्येकाने स्वतःला तीन प्रश्न विचारावेत असे माझे सांगणे आहे.

पहिला प्रश्न: नक्कल किती ठिकाणी आहे?

दक्षिण कोरिया हा संगणकविद्येत जगाच्या पुढे असलेला देश. तेथील सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी एक सामायिक साठवण उभी केली होती. कागदपत्रे कचेरीतील संगणकात न ठेवता तेथेच ठेवावीत असा दंडक होता. २६ सप्टेंबर २०२५ रोजी देजॉन शहरातील सरकारी केंद्रात बॅटऱ्या हलवण्याचे काम चालू असताना आग लागली. वीज गेल्यास उपयोगी पडाव्यात म्हणून ठेवलेल्या त्या बॅटऱ्याच आगीचे कारण झाल्या. सहाशेहून अधिक सरकारी सेवा बंद पडल्या. त्यांतील पुष्कळशा पुढे पूर्ववत झाल्या. पण कर्मचाऱ्यांची ती सामायिक साठवण जळून गेली. तीत ८५८ टेराबाइट माहिती होती. साठा फार मोठा म्हणून त्याची बाहेर कोठेही दुसरी नक्कल ठेवलेली नव्हती. ज्यांनी नियम काटेकोर पाळला आणि कचेरीत काही ठेवले नाही, त्यांचेच नुकसान सर्वांत अधिक झाले. यात पैशाची कमतरता नव्हती, विद्येचीही नव्हती. ‘सरकारी जागेत ठेवले आहे’ एवढ्यावर सर्वांचे समाधान झाले होते.

दुसरी गोष्ट फ्रान्सची. १० मार्च २०२१ च्या रात्री स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच या कंपनीची पाच मजली इमारत संगणकांसह जळाली. सुदैवाने माणूस कोणी दगावला नाही. त्या कंपनीच्या एका ग्राहकाने राखीव नक्कल ठेवण्यासाठी वेगळे पैसे भरले होते. आगीनंतर कळले की अस्सल आणि नक्कल दोन्ही एकाच इमारतीत होती! प्रकरण न्यायालयात गेले आणि २०२३ साली न्यायालयाने कंपनीला भरपाई देण्यास सांगितले.  गेलेली माहिती पैशाने परत येत नाही.

आपल्या पुण्याला हे पाल्हाळाने सांगण्याची गरज नसावी. मॅकार्थी ज्या वर्षी संगणकाचे भविष्य सांगत होता, त्याच वर्षी १२ जुलैला पानशेत फुटले आणि नारायण, शनिवार, कसबा अशा नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले. ज्याने दस्तऐवजाची अस्सल प्रत तळमजल्याच्या कपाटात आणि नक्कल त्याच वाड्याच्या फडताळात ठेवली असेल, त्याच्या दोन्ही प्रती एकाच पाण्यात गेल्या. एकाच पुरात वाहून जाणाऱ्या दोन प्रती म्हणजे दोन प्रती नव्हेत. त्या एकच.

दुसरा प्रश्न: किल्ली कोणाकडे आहे?

महानुभाव पंथाची हकीकत आपण जाणता. लीळाचरित्राची मूळ पोथी धाडीत गेली आणि पुढे आठवणींच्या आधारे ती पुन्हा सिद्ध करावी लागली, असे परंपरा सांगते. नंतर त्या पंथाने आपले ग्रंथ सकळ लिपीसारख्या सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले. आजच्या भाषेत हेच ‘एन्क्रिप्शन’. पेटी परक्याच्या हाती पडली तरी आतले कळू नये अशी तजवीज. ती इतकी उत्तम साधली की मराठीतील हे पहिले थोर गद्य मराठी जगापासून शतकानुशतके दडून राहिले, आणि इतिहासाचार्य राजवाडे प्रभृतींनी विसाव्या शतकाच्या आरंभी ती लिपी उलगडली तेव्हा कोठे अभ्यासकांना त्याचे दर्शन घडले.

यात दोन धडे आहेत. किल्ली कंपनीकडे असेल, तर तुम्ही ती विसरलात तरी कंपनी दार उघडून देऊ शकते. पण दुसऱ्या कोणाला उघडून देणेही तिला शक्य असते. किल्ली केवळ तुमच्याकडे असेल, तर आत कोणी डोकावणार नाही. पण ती हरवली तर ब्रह्मदेवालाही दार उघडता येणार नाही. यांपैकी काय पत्करायचे ते ठेवीचे मोल पाहून ज्याने त्याने ठरवावे. 

याच संदर्भात एक गैरसमज दूर केला पाहिजे. पुष्कळ सेवांत फोन आणि क्लाउड एकमेकांचे आरसे असतात. जागा करावी म्हणून फोनमधले चित्र पुसले की तिकडचेही पुसले जाते. काही दिवस ते कचरापेटीत थांबते आणि मग कायमचे जाते. आरशातले प्रतिबिंब म्हणजे राखीव नक्कल नव्हे. माणूस दूर झाला की प्रतिबिंबही नाहीसे होते.

तिसरा प्रश्न: अट बदलली तर, आणि आपण नसलो तर?

गूगलने २०१५ साली छायाचित्रांसाठी विनामूल्य, अमर्याद जागा देऊ केली. लोकांनी विश्वासाने आयुष्यभराची चित्रे तेथे नेऊन ठेवली. १ जून २०२१ पासून ती अमर्याद सवलत बंद झाली. यात फसवणूक झाली असे मी म्हणत नाही. आधी सूचना दिलेली होती. फुकटची धर्मशाळा आणि आपले घर यांतला फरक मात्र अशा वेळी कळतो. पुढे २०२३ साली त्याच कंपनीने जाहीर केले की, दोन वर्षे न वापरलेली वैयक्तिक खाती पुसून टाकली जातील. हे वाक्य घरातल्या वडीलधाऱ्यांना समोर ठेवून पुन्हा ऐका. कर्ता माणूस जातो. त्याचे खाते कोणी उघडत नाही, कारण परवलीचा शब्द कोणाला ठाऊक नसतो. नातू आजोबांची चित्रे शोधू लागतो, तेव्हा ती जागा रिकामी झालेली असू शकते. बँकेच्या ठेवीवर आपण वारसाचे नाव न चुकता घालतो. या ठेवीवरही तशी सोय आहे: गूगलने ती २०१३ साली केली, अ‍ॅपलने २०२१ साली. आपल्यापैकी किती जणांनी ते नाव घातले आहे, एवढे घरी गेल्यावर पाहावे.

मग करावे काय? उपाय साधा आहे. ज्या वस्तू पुन्हा मिळणार नाहीत त्यांच्या तीन प्रती असाव्यात: एक घरी, वेगळ्या तबकडीवर, एक क्लाउडमध्ये, आणि एक दुसऱ्या गावी, बहिणीकडे म्हणा, मित्राकडे म्हणा. वर्षातून एक दिवस नेमून त्या उघडून पाहाव्यात. पोथ्यांना आपण ऊन दाखवतो ना, तसेच हे. आणि किल्ली कोठे आहे हे घरातील आणखी एका माणसाला माहीत असावे.

शेवटी एक विनंती, ती संस्थाचालकांना. गावोगावची ग्रंथालये आणि इतिहासमंडळे जुन्या मोडी कागदांची, नियतकालिकांची छायाचित्रे घेऊन ती क्लाउडमध्ये ठेवू लागली आहेत. काम अत्यंत स्तुत्य आहे. परंतु पुष्कळदा ते खाते एका उत्साही कार्यकर्त्याच्या नावावर असते, भाडे तोच भरतो, आणि मूळ कागद ‘आता गरज नाही’ म्हणून रद्दीत जाण्याच्या वाटेवर असतात. कृपा करून तसे होऊ देऊ नका. खाते संस्थेच्या नावाने असावे, भाडे अंदाजपत्रकात असावे आणि अस्सल कागद कपाटातच राहावा. चारशे वर्षे जुना कागद आपल्या हाती आला आहे, कारण मधल्या प्रत्येक पिढीत कोणीतरी तो सांभाळला. ढगात ठेवल्याने त्या माणसाचे काम हलके होईल. संपणार मात्र नाही. पुढच्या पिढीसाठी आता ते आपल्याला करायचे आहे.