समीकरणे मांडणाऱ्यांची संगत



हॅस्केल ही संगणकाची भाषा चारचौघांत बसून शिकण्याची आहे, असे माझे मत आहे. छंद कोणताही असो, सोबत मिळाली की उत्साह वाढतो. पण मला एवढेच म्हणायचे नाही. या भाषेच्या घडणीतच असे काही आहे की तिच्यातला प्रोग्रॅम फळ्यावर लिहून दहा जणांना एकत्र वाचता येतो, तपासता येतो, त्यावर वाद घालता येतो. आणि ती घडलीही तशाच बैठकांतून.

शाळेत आपण क्ष = 5 असे मांडले, की ते उदाहरण संपेपर्यंत क्ष म्हणजे 5. मग मुले प्रोग्रॅमिंग शिकायला येतात आणि पहिल्याच आठवड्यात त्यांना क्ष = क्ष + 1 दिसते. बीजगणितात हे विधान खोटे आहे. सी, जावा, पायथन यांसारख्या भाषांत मात्र ती आज्ञा आहे: संगणकाच्या स्मृतीत क्ष नावाची जागा आहे, तिथला आकडा एकने वाढव. असा प्रोग्रॅम वाचायचा तर कोणत्या क्षणी कुठल्या जागेत काय होते, याचा सगळा इतिहास डोक्यात धरावा लागतो. एकट्याला ते कसेबसे जमते. पण चौघे जण एकत्र वाचू लागले, की चौघांच्या डोक्यात चार वेगळे क्षण चालू असतात.

प्रोग्रॅम फंक्शनांच्या समीकरणांनी मांडणाऱ्या, म्हणजे फंक्शनल भाषांमध्ये, निदान हॅस्केलसारख्या शुद्ध भाषेत, मात्र नावाला एकदा दिलेली किंमत बदलत नाही. आकड्यांच्या यादीची बेरीज तिथे दोन समीकरणांत मांडतात. रिकाम्या यादीची बेरीज 0. आणि यादीत काही असेल, तर पहिला आकडा अधिक उरलेल्या यादीची बेरीज. झाला प्रोग्रॅम. आता 4, 7, 2 ही यादी घ्या. तिची बेरीज म्हणजे 4 अधिक (7, 2) ची बेरीज; म्हणजे 4 + 7 + (2) ची बेरीज; म्हणजे 4 + 7 + 2 + 0; म्हणजे 13. समानाच्या जागी समान ठेवत गेलो, यापलीकडे आपण काहीच केले नाही. यंत्र बंद असले तरी चालेल. फळ्याशी उभ्या असलेल्याची एखादी पायरी चुकली, तर मागच्या रांगेतल्या नववीच्या मुलीलाही ती दाखवून देता येते.

आता त्याच दोन ओळींत अधिकच्या जागी गुणिले आणि 0 च्या जागी 1 लिहा. यादीतल्या आकड्यांचा गुणाकार मिळतो. दोन्ही प्रोग्रॅमांचा सांगाडा एकच आहे, हे एकदा दिसले की तो सांगाडाच वेगळा काढून त्याला नाव देता येते. हॅस्केलमध्ये त्याला फोल्ड म्हणतात. जॉन ह्यूज यांचा 1989 साली छापून आलेला, फंक्शनल प्रोग्रॅमिंगचे महत्त्व सांगणारा प्रसिद्ध निबंध नेमका इथूनच सुरू होतो. प्रोग्रॅमचे तुकडे करणे सोपे असते. ते पुन्हा जोडायला भाषेने कोणती साधने दिली आहेत, हा ह्यूज यांचा खरा प्रश्न आहे. संगणकशास्त्रात मी जे थोडे वाचले, त्यात यापेक्षा स्वच्छ लिहिलेले मला क्वचितच सापडले.

ही विचारसरणी जुनी आहे. अलोंझो चर्च यांनी लॅम्डा कॅल्क्युलस हे फंक्शनांचे गणित मांडले ते 1930 च्या दशकात, म्हणजे आजच्यासारखे संगणक जन्माला येण्याआधी. पुढे ज्यांच्या नेतृत्वाखाली फोर्ट्रान ही किमती बदलत चालणारी भाषा तयार झाली, त्याच जॉन बॅकस यांनी 1977 चा ट्युरिंग पुरस्कार घेताना केलेल्या भाषणात किंमत बदलण्याच्या या पद्धतीवरच टीका केली. त्यानंतर ठिकठिकाणचे संशोधक आपापल्या फंक्शनल भाषा घडवू लागले. ऑक्सफर्डमध्ये फिलिप वॉडलर यांची ऑर्वेल होती, गोथेनबर्गला लेनार्ट ऑगुस्टसन आणि थॉमस यॉन्सन यांची लेझी एमएल. एमआयटीत आयडी होती आणि तिच्यामागे अरविंद आणि ऋषीयूर निखिल हे दोघे होते. यातले अरविंद आयआयटी कानपूरचे. सगळ्यांत पक्की होती ती डेव्हिड टर्नर यांची मिरांडा, पण ती त्यांच्या कंपनीचे विक्रीचे उत्पादन होती. एकूण डझनभर भाषा, सगळ्या जवळजवळ सारख्या, आणि प्रत्येकीला वापरणारे मूठभर.

सप्टेंबर 1987 मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरी एक परिषद भरली होती. तिथे ही मंडळी एकत्र बसली आणि सर्वांची मिळून एक भाषा करायची असे ठरले. मिरांडा पायाला धरावी, असा प्रस्ताव समितीने टर्नर यांच्यापुढे ठेवला. त्यांनी सौजन्याने नकार दिला. मग समितीने नवी भाषा घडवली, तिला तर्कशास्त्रज्ञ हॅस्केल करी यांचे नाव दिले आणि 1 एप्रिल 1990 रोजी पहिला अहवाल प्रसिद्ध केला. तो कोणीही वाचावा आणि त्यावरून भाषा यंत्रावर उतरवावी, त्यासाठी कोणाला विचारायला नको, अशी मोकळीक पहिल्यापासून होती. विद्वानांच्या समितीत एकमत किती दुर्मीळ असते, हे या सभागृहात मी सांगायला नको. आपली स्वतःची भाषा बाजूला ठेवून सामाईक भाषेवर वर्षानुवर्षे राबणारी ही माणसे मला म्हणूनच फार मोठी वाटतात.

पहिली मोठी अडचणही त्यांनी एकत्रच सोडवली. हॅस्केल आळशी आहे: एखाद्या किमतीची गरज पडेपर्यंत ती काढतच नाही. त्यामुळे न संपणारी यादीही खुशाल लिहिता येते, सगळ्या मूळ संख्यांची म्हणा. त्यातल्या पहिल्या दहा मागितल्या तर दहाच काढल्या जातात. पण कोणते काम कधी होईल हे असे पुढे ढकलले, तर पडद्यावर अक्षर उमटवणे, फाइल वाचणे या क्रमाने करायच्या गोष्टी कशा करायच्या? सुरुवातीच्या हॅस्केलमधली त्याची व्यवस्था अवघडलेली होती. एउजेनियो मोज्जी प्रोग्रॅमिंग भाषांच्या अर्थाचा अमूर्त गणिती अभ्यास करत होते. त्यांच्या त्या अभ्यासातली मोनाड, म्हणजे टप्प्याटप्प्याने चालणाऱ्या गणना एकमेकींना जोडण्याची रीत, ही कल्पना वॉडलर यांनी उचलली. सायमन पेटन जोन्स यांच्यासोबत त्यांनी 1993 मध्ये तिचा व्यवहारातला वापर दाखवला आणि 1996 च्या आवृत्तीत ती भाषेत आली.

शिकणाऱ्यांची गाडी अडते तीही इथेच. मोनाड समजला, की प्रत्येकाला वाटते की आपल्याला एक सोपी उपमा सापडली आणि ती सांगितली की समोरच्यालाही कळेल. तसे होत नाही, कारण उपमा सुचण्याआधी त्याने दहा-वीस उदाहरणे हाताने केलेली असतात आणि समज त्या उदाहरणांत असते. अभ्यासगटाचा खरा उपयोग मला इथे दिसतो. गटात उपमा चालत नाही. समोरचा म्हणतो, करून दाखवा. मग नसलेली किंमत हाताळणारा मोनाड, याद्यांचा मोनाड, स्थिती सांभाळणारा मोनाड असे एकेक फळ्यावर उलगडावे लागते आणि तिसऱ्या-चौथ्या उदाहरणाला कोणीतरी म्हणते, अहो, हे तर मघाचेच आहे. ते वाक्य ज्याचे त्यालाच उच्चारावे लागते.

मी स्वतः ज्या हॅस्केल अभ्यासगटात बसतो, त्यात सर्वांत रंगलेली बैठक टाइपांवरची, म्हणजे किमतींच्या प्रकारांवरची होती. प्रश्न एवढाच: एक फंक्शन आहे, कोणत्याही प्रकारच्या वस्तूंची यादी घेते आणि त्याच प्रकारच्या वस्तूंची यादी देते. आतली एक ओळही न पाहता सांगा, ते काय काय करू शकेल? उलट क्रम लावील. काही वस्तू गाळील. एखादी दोनदा देईल. आकडे लहानमोठे लावील का? नाही, कारण वस्तू आकडेच आहेत हे त्याला ठाऊक नाही. नवी वस्तू घालील का? तेही नाही, आणणार कुठून? न संपणारी गणना आणि अर्ध्यात बंद पडणारा प्रोग्रॅम बाजूला ठेवला, तर फक्त टाइपच्या जोरावर इतके सगळे सिद्ध होते. वॉडलर यांनी 1989 च्या एका निबंधात हे तत्त्व मांडले आहे. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ त्या संध्याकाळी नवनव्या शक्यता मांडत राहिले आणि कॉलेजातली दोन मुले त्या खोडत राहिली. तिघांपैकी कोणालाही घरी जायची घाई नव्हती.

दुसरा असाच खेळ क्विकचेकचा. हे साधन कोएन क्लासेन आणि ह्यूज यांनी 2000 साली मांडले. आपण एक नियम लिहायचा आणि यंत्र सहज सुचतील तशी शंभर उदाहरणे काढून तो तपासते. यादी उलटी करून पुन्हा उलटी केली की मूळची मिळते: बरोबर. दोन याद्या जोडून उलट्या केल्या काय, किंवा आधी उलट्या करून त्याच क्रमाने जोडल्या काय, सारखेच: इथे यंत्र झटकन 0 आणि 1 यांच्या एकेका वस्तूच्या याद्या पुढे करते आणि नियम मोडतो. दुरुस्ती काय? उलट्या केलेल्या याद्यांची जागाही अदलाबदल करायची. गटाने ती यंत्राच्या आधी शोधावी, एवढीच खेळाची अट.

याने नोकरी मिळते का, असे पालक विचारतात, आणि ते योग्यच आहे. नुसत्या हॅस्केलच्या नोकऱ्या थोड्या आहेत. तरी फेसबुकने स्पॅम रोखायला ती वापरली आहे, आपल्याकडे बेंगळुरूची जसपे ही पैशांचे व्यवहार हाताळणारी कंपनी ती वापरते आणि व्हॉट्सॲपची यंत्रणा एर्लांग या दुसऱ्या फंक्शनल भाषेवर उभी राहिली. शिवाय या भाषांतल्या कल्पना आता सगळीकडे झिरपल्या आहेत: 2014 च्या जावा 8 मध्ये लॅम्डा, म्हणजे बिननावाची फंक्शने, आली, आणि एक्सेलमध्येही लॅम्डा आहे, त्यामागे पेटन जोन्स यांचा हात आहे. एक्सेलच्या खान्यात सूत्र लिहिणारा प्रत्येक हिशेबनीस खरे तर फंक्शनल प्रोग्रॅमिंगच करत असतो. मात्र नोकरीच्या हिशेबाने कोणी या भाषेशी फार काळ राहिलेले मी पाहिलेले नाही. राहतात ते समीकरण जुळल्याच्या आनंदासाठी.

ज्यांना गट सुरू करायचा आहे त्यांनी चार-पाच जणांपासून करावा. त्यात निदान एक जण प्रोग्रॅमिंग मुळीच न केलेला असावा, कारण त्याला जुन्या सवयी मोडाव्या लागत नाहीत. ग्रॅहम हटन यांचे हॅस्केलवरचे पुस्तक घ्या, दुसरी आवृत्ती 2016 ची आहे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटच्या माधवन मुकुंद आणि एस. पी. सुरेश यांचा एनपीटीईएल या संकेतस्थळावरचा अभ्यासक्रम फुकट आहे. जीएचसी हा कम्पायलरही फुकट मिळतो, साध्या लॅपटॉपवर चालतो. पण पहिल्या दोन बैठकींत लॅपटॉप उघडू नका. फळ्यावर यादीची लांबी काढा, यादी उलटी करा, दोन याद्या जोडा, आणि जोडलेल्या यादीची लांबी दोघींच्या लांबींच्या बेरजेइतकी असते हे पहिल्या यादीवर गणिती विगमनाने सिद्ध करा. दोन संध्याकाळींना तेवढे पुरते.