हिवताप आणि महापालिकांच्या हद्दी



ठाणे महापालिका १९८२ साली व कल्याणची १९८३ साली स्थापन झाली. कारभार वेगळे असले, तरी या शहरांचे दैनंदिन जीवन लोहमार्गाने त्यापूर्वीच एक केले होते. डोंबिवलीचा रहिवासी ठाण्यात किंवा मुंबईत नोकरी करतो. घोडबंदर रस्त्यावरील इमारत पुरी झाली की तेथील मजूर कल्याणच्या नव्या बांधकामावर जातो. त्याच्या रक्तात हिवतापाचे जंतू असतील, तर तेही त्याच्यासोबत जातात.

शहरात हा रोग पसरविणारा ॲनॉफिलिस स्टीफेन्सी डास स्वच्छ, साठविलेल्या पाण्यात वाढतो. गच्चीवरील उघडी टाकी, विहीर व बांधकामावरील हौद ही त्याची आवडती ठिकाणे होत. गटारांकडे बोट दाखविणाऱ्या सुशिक्षित वस्त्यांनी आधी आपल्या टाकीचे झाकण पाहावे, हे बरे! अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत साधारण आठ-दहा दिवस लागतात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळावयाचा तो याचसाठी.

यश हाती आल्यावर गाफील राहिल्याची किंमत देशाने मोजली आहे. १९५८ साली निर्मूलनाची मोहीम सुरू झाली आणि १९६५ च्या सुमारास वर्षाकाठी रुग्णसंख्या एक लाखापर्यंत उतरली. १९७६ साली ती चौसष्ट लाखांवर गेली. श्रीलंकेतही १९६३ साली अवघे सतरा रुग्ण उरले असता पुढे मोठी साथ उसळली. हिवतापमुक्तीची मान्यता त्या देशाला २०१६ साली मिळाली. भारताने आपल्यासाठी २०३० हे वर्ष ठरविले आहे.

साधनांची आज वाण नाही. जलद निदान चाचणी बोटातील थेंबभर रक्तावरून अर्ध्या तासाच्या आत निदान करते. पुण्याच्या सीरम संस्थेत तयार होणाऱ्या आर-२१ लशीची जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये शिफारस केली. मात्र ती फाल्सीपेरम हिवतापाविरुद्ध, बालकांसाठी आहे. व्हायवॅक्स हिवतापावर तिचा उपयोग नाही.

व्हायवॅक्सचे जंतू यकृतात दडून बसतात व काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी पुन्हा डोके वर काढतात. त्यांच्या समूळ उपचारासाठी वैद्यकीय सल्ल्याने प्रायमाक्विनच्या गोळ्या सामान्यतः चौदा दिवस घ्याव्या लागतात. गर्भवती स्त्रिया व तान्ही मुले यांना त्या दिल्या जात नाहीत. ताप मात्र दोन-तीन दिवसांतच उतरतो, आणि रोजंदारी बुडवून दवाखान्यात येण्याचे कारण मजुराला उरत नाही. पाचव्या दिवशी मुकादमाने त्याला दुसऱ्या शहरात हलविले, तर राहिलेले नऊ दिवस कोणाच्या नोंदवहीत? पहिल्या महापालिकेच्या लेखी तो निघून गेलेला, तर दुसरीच्या लेखी तो रुग्णच नाही. सहकार्याची खरी गरज आहे ती येथे. रुग्णाचे निदान, सुरू झालेला उपचार व नवे ठिकाण एवढी माहिती त्याच दिवशी पलीकडच्या आरोग्य विभागास कळली, तर दुसऱ्या सकाळी तेथील आरोग्य सेवक उरलेल्या गोळ्या घेऊन त्या बांधकामावर पोहोचू शकेल, आणि तेथील हौदही तपासून येईल.