गुरु किती, लघु किती?



आज गणकयंत्राच्या एका लहानशा युक्तीविषयीं बोलावयाचें आहे. परंतु आरंभ वाशीमपासून करूं. ज्या गांवाच्या नांवाचा जिल्हा १९९८ सालीं अकोल्यापासून वेगळा निघाला, तेंच हें प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. येथील राजा सर्वसेन यानें ‘हरिविजय’ हें प्राकृत काव्य रचिलें. आणि राजशेखरानें ‘काव्यमीमांसें’त काव्यपुरुषाचें लग्न लाविलें, तें याच नगरींत.

जेथें काव्य, तेथें मात्रांचा हिशेब आलाच. लघूची एक मात्रा, गुरूच्या दोन. म्हणून चरणांतील मात्रा म्हणजे अक्षरांची संख्या अधिक गुरूंची संख्या. आर्येच्या पहिल्या चरणांत बारा मात्रा लागतात. अक्षरें आठ असतील, तर गुरु चारच हवेत.

आतां गुरूस १ व लघूस ० लिहूं. एक चरण असा होईल: ११०१०१००. गणकयंत्रांतील प्रत्येक संख्या अशीच एक-शून्यांची माळ असते. तिच्या एकेका घरास बिट म्हणतात. माळेंतील एक किती, हें घरोघर पाहिल्यास आठ खेपा पडतात. युक्तीनें तें तीन खेपांत होतें.

कागदाच्या पट्टीस एक घर सोडून एक खिडकी कापा. खिडकीखालचा आंकडा राहील; झांकलेल्या जागीं शून्य धरावें. हिलाच ‘मास्क’ म्हणतात. ०१०१०१०१ या पट्टीनें प्रत्येक जोडींतील उजवा आंकडा मिळतो. मग मूळ माळ एक घर उजवीकडे सरकवून तीच पट्टी ठेवावी, म्हणजे डावा आंकडा मिळतो. दोहोंची बेरीज १००१०१००. म्हणजे चारही जोड्यांतील गुरु एकदम कळले: २, १, १, ०. या उत्तरावर ००११००११ ही पट्टी ठेवून व दोन घरें सरकवून ३, १. शेवटीं ००००११११ ही पट्टी, चार घरें, आणि उत्तर ४. आठ व चार बारा, मात्रा जुळल्या.

पट्टीवांचून चालणार नाहीं काय? नाहीं. जोडीची बेरीज फार तर दोन, आणि ती १० अशी दोन घरांत नेमकी मावते. शेजारचे आंकडे झांकले नाहींत, तर ते तींत मिसळतात, हातचा पलीकडच्या घरांत शिरतो, आणि दोन्ही हिशेब नासतात.

प्रत्येक खेपेस गट दुप्पट होत असल्यामुळें ६४ घरांनाही सहाच खेपा पुरतात. एका चरणासाठीं बोटेंच बरीं; पण हजारों गाथांची पोथी तपासतांना, नकलकारानें जेथें मात्रा गाळली ती ओळ या रीतीनें तत्काळ निवडतां येते.

मात्र गुरु किती, एवढेंच ही युक्ति सांगते. कोठें, हें सांगत नाहीं. ०१०१११०० या माळेंतही गुरु चारच आहेत. पण आरंभींच जगण पडला, आणि आर्येस विषम स्थानीं तो चालत नाहीं. तो निवाडा अखेर कानानेंच करावयाचा.