फ्रँक मोराईस : रणभूमीवरून अग्रलेखाकडे

दुसऱ्या महायुद्धात पूर्वेच्या आघाडीवर एक भारतीय वार्ताहर होता, फ्रँक मोराईस.

जन्म १९०७, मुंबई, घराणं गोव्याचं. ऑक्सफर्डला शिकून बॅरिस्टर झाले, पण रमले वर्तमानपत्रात. ‘टाइम्स ऑफ इंडिया’साठी त्यांनी ब्रह्मदेश आणि चीनमधून युद्धाच्या बातम्या पाठवल्या. पुढं, १९५० मध्ये, ते त्या पत्राचे पहिले भारतीय संपादक झाले. नंतर अनेक वर्षं ‘इंडियन एक्सप्रेस’चे.

१९५२ मध्ये ते भारतीय शिष्टमंडळासोबत पुन्हा चीनला गेले. इकडे ‘हिंदी-चिनी भाई भाई’चे दिवस येऊ घातले होते, आणि मोराईस यांनी माओच्या राजवटीवर रोखठोक, शंका घेणारं पुस्तक लिहिलं. मला त्यांचं हेच पुस्तक जास्त धाडसाचं वाटतं. १९५६ मध्ये त्यांनी नेहरूंचं चरित्र लिहिलं, तरी नेहरूंच्या धोरणांवर टीका करायला ते कचरले नाहीत.

त्यांचे चिरंजीव कवी डॉम मोराईस. तेही पुढं युद्धभूमीवरून वार्तांकन करत हिंडले.