घरची पेज आणि वारीची बिस्किटं

(शताब्दी सप्ताहातल्या महिला मेळाव्यात वाचलेलं भाषण)

आम्ही दोघी जावा. हे दोघींनी मिळून लिहिलंय. वाचणार मात्र धाकटी, कारण थोरलीला माईकपुढं उभं केलं की ठसका लागतो.

आम्हाला विषय दिलाय ‘मुलांवरचे संस्कार आणि घरचा आहार’. संस्कारांवर बोलणारे महाराज पुष्कळ आहेत, सप्ताहभर आपण ऐकतोच आहोत. म्हणून तेवढं सोडून आम्ही आहाराचं बोलतो. आणि आधीच सांगून टाकतो, की आमच्या घरी फार छान चाललंय म्हणून आम्ही इथं उभ्या नाही. आमच्या घरी चुकलं होतं, म्हणून उभ्या आहोत.

धाकटी पिरंगुटातल्याच एका कंपनीत पॅकिंगला होती. सकाळी सातची पाळी, साडेसहाला नाक्यावर गाडी यायची. पोरगं अडीच वर्षांचं. ते झोपेत असतानाच ती निघायची. घरी सासूबाई, थोरली, थोरलीची दोन मुलं, गोठ्यात एक गाय. म्हणजे पोराला सांभाळायला माणूस नव्हतं असं नाही, घर भरलेलं होतं. पण पोराच्या पोटात काय जायचं? उठल्याबरोबर बशीत चहा आणि चार बिस्किटं. दुपारी दोन घास वरणभात, तोही मागं पळून. चारला परत चहा, बरोबर बटर नाहीतर खारी. संध्याकाळी दुकानातून पाच रुपयांचं पाकीट, रडं थांबावं म्हणून. रात्री पेंगत पेंगत दूध. चहा-बिस्किट हा आपल्याकडं लहान मुलांचा नाष्टाच झालाय. मुळशीच्या कुठल्याही वाडीवर सकाळी सातला डोकावून बघा.

पोरगं पांढरं पडायला लागलं. चिडचिड करायचं. मग ते भिंतीचे पोपडे खायला लागलं, अंगणातली माती तोंडात घालायला लागलं. आम्ही हसलो. सासूबाई म्हणाल्या, ‘यशोदेचा किसनबी माती खायचा.’ आम्हाला ते गोड वाटलं. धाकटीनं मोबाईलवर फोटोसुद्धा काढला.

अंगणवाडीत वजन करायच्या दिवशी आशाताईंनी त्याची खालची पापणी ओढून बघितली आणि म्हणाल्या, रक्त तपासून आणा. तपासलं तर हिमोग्लोबिन ७.९. पाच वर्षांच्या आतल्या मुलाचं ११ च्या खाली गेलं की रक्त कमी म्हणतात. डॉक्टर म्हणाले, अंगात लोह कमी असलं की मुलं माती खातात, पोपडे खातात. आणि चहा तर बंदच करा. जेवणातून जे थोडंफार लोह मिळतं, तेही चहा अंगी लागू देत नाही.

आमचंच पोर असं, असं वाटून आम्ही चार दिवस कोणाला सांगितलं नाही. मग कळलं, की २०१९ ते २१ मध्ये सरकारनं घरोघरी जी पाहणी केली, तीत आपल्या महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षांच्या शंभर मुलांमागं जवळजवळ ६९ मुलांना रक्त कमी निघालं. शंभरात ६९. म्हणजे या मांडवात मागं जी बारकी मुलं खेळतायत, त्यांच्याकडं एकदा वळून बघा.

डॉक्टरांनी पुढं विचारलं, ‘अंडं देता का?’ आता आपण सगळे माळकरी. आमच्या सासऱ्यांच्या गळ्यात वयाच्या अकराव्या वर्षापासून माळ आहे. त्या रात्री घरात जेवणं झाली, पण कोणी बोललं नाही. दुसऱ्या दिवशी सासरे स्वतः धोतर नेसून दवाखान्यात गेले आणि विचारून आले, ‘अंड्याबिगर पोरगं सुधारंल का?’ डॉक्टर म्हणाले, सुधारेल, पण मग घरच्यांना रोज मेहनत घ्यावी लागेल. लोहाचं औषध नियमानं द्यायचं, जंताचं औषध द्यायचं, डाळ आणि पालेभाजी दोन्ही वेळेला, वर लिंबू पिळायचं म्हणजे लोह अंगी लागतं. नाचणी, तीळ, शेंगदाण्याचं कूट, दही. आणि पाकिटं बंद.

सासऱ्यांनी घरी येऊन सगळं सांगितलं आणि पाटावर बसले. माळ राखायची तर ही मेहनत करावी लागणार हे ठरलं. पण ती करायची कोणी, हे त्यांनी सांगितलं नाही. तो प्रश्न आपोआप आमच्या दोघींकडं आला. इथं आमचं थोडं भांडण झालं, ते लपवत नाही. धाकटी म्हणाली, ‘तुम्ही घरी असताना असं कसं झालं?’ थोरलीला ते फार लागलं. पण खरं ते खरं. घरी बाई असली म्हणजे घरचं खाणं पोटात जातंच असं नसतं. गाय, गोठा, धुणी, पाणी, पाहुणे, मोठ्या मुलांची शाळा यात पाच रुपयांचं पाकीट फाडून देणं सोपं पडतं. पाकीट थोरलीच्याच हातानं फाडलं जायचं.

धाकटीनं कामावर जायचं थांबवलं. बारा हजार पगार होता. गाडीचा हप्ता चालू होता, तो दोन महिने थकला. तेव्हा कोणी असं समजू नका, की बाईनं नोकरी सोडावी असं सांगायला आम्ही आलोय. कित्येकींना सोडता येत नाही, आणि ज्यांना सोडायची नाही त्यांनी सोडू नये. आमच्या घरी तेव्हा तसं ठरलं, एवढंच. पोरगं पाचाचं झालं की ती परत जाणार आहे, हे तिनं सासऱ्यांपुढं सांगून ठेवलंय.

आता काय केलं ते सांगतो, कारण मेळाव्याला आलेल्या नव्या सुनांना त्याचाच उपयोग.

पहिली पेज. आपल्या मुळशीचा आंबेमोहोर पूर्वी उखळात सडायचा आणि कण्या बाजूला निघायच्या. त्या कण्यांची पेज बाळाला, आजाऱ्याला, बाळंतिणीला. आता बहुतेक शिवारात इंद्रायणी आहे, तरी गिरणीवर कणी मागितली की मिळते, आणि तांदळापेक्षा स्वस्तात. मूठभर कणी, त्यात थोडी मुगाची डाळ, सहा-सात पट पाणी, मंद चुलीवर नाहीतर गॅस बारीक करून. चिमूटभर मीठ, वरून घरचं तूप. पेज पाण्यासारखी करू नका. चमचा तिरपा केला की ओघळून जाते ती पेज बाळाला पुरत नाही. चमच्यावर थांबली पाहिजे. लहान पोट वाटीभरानंच भरतं, ते पाण्यानं भरवून काय उपयोग?

दुसरी नाचणी. आपल्या सासवा सत्त्व काढायच्या, आम्ही विकतचे डबे आणायला लागलो होतो. घरी करायला काही अवघड नाही. नाचणी निवडून धुवायची, रात्रभर भिजत घालायची, सकाळी उपसून ओल्या फडक्यात बांधून ठेवायची. पावसाळ्यात दोन दिवस लागतात, उन्हाळ्यात एकातच मोड येतात. सावलीत वाळवायची, कोरडी भाजायची, दळून आणायची आणि वस्त्रगाळ करायची. बुरशीचा वास आला तर सगळी फेकून द्यायची, तिथं काटकसर नको. आम्ही पहिल्यांदा केली तेव्हा दोन किलो नाचणी कुबट झाली आणि गाईलाही घालता आली नाही. शंभर ग्रॅम नाचणीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असतं. तेवढ्याच दुधात एकशेवीस, आणि तांदळात जेमतेम दहा. ही नाचणी आपल्या डोंगरउतारावर पिकते, आणि आपण ती गरिबाची म्हणून मागं टाकली होती.

तिसऱ्या पालेभाज्या. आषाढ-श्रावणात टाकळा, कुर्डू, भारंगी बांधावर फुकट असतात. बांध राहिलेत तेवढे. १९२१ साली धरणात भातखाचरं जाऊ नयेत म्हणून आपल्या मुळशीकरांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला. तरी ती जमीन पाण्यात गेली. आमची धरणात गेली नाही, आम्ही ती प्लॉटिंगला दिली. पैसे आले, घर बांधलं, आणि आता टाकळा आणायला थोरली दीड किलोमीटर चालत जाते. असो. तो विषय पुरुष मंडळींच्या बैठकीचा आहे म्हणे.

शेंगदाणे अख्खे देऊ नका, लहान मुलांच्या घशात अडकतात. कूट करून द्या. मूल वर्षाचं होईपर्यंत मधाचं बोट नको, आणि पहिले सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नको. घुटीसुद्धा नको, पाणीसुद्धा नको. इथं बसलेल्या सासूबाईंना हे पटायचं नाही. आमच्याही सासूबाई दोन महिने आमच्याशी नीट बोलल्या नाहीत. आता त्याच शेजारच्या बाळंतिणीला जाऊन सांगतात, आणि असं सांगतात, जणू त्यांना आधीपासूनच ठाऊक होतं.

पाच महिन्यांनी हिमोग्लोबिन १०.८ आलं. यात औषधाचा वाटा मोठा आहे, नुसत्या नाचणीनं झालं असं आम्ही म्हणणार नाही. पोपडे खाणं मात्र दीड महिन्यातच थांबलं होतं.

आता आपल्या दिंडीचं. शंभर वर्षांच्या सोहळ्यात कडू बोलू नये, पण बोलतो. माऊलींची पालखी पुण्यात दोन मुक्काम असते. तिथं पुणेकर मंडळी भक्तीनं वारकऱ्यांना बिस्किटांचे पुडे वाटतात, केळी वाटतात. केळी वाटेत संपतात. पुडे पिशवीत भरून घरी येतात. पंढरपूरचा प्रसाद म्हणून आपण काय आणायचो? चुरमुरे, लाह्या, बत्तासे, बुक्का. आणि अलीकडं त्याबरोबर चाळीस-पन्नास पुडे. आमच्या घरी दोन वर्षं ते ‘वारीचा प्रसाद’ म्हणून पोरांना दिले गेले. प्रसादाला नाही कसं म्हणायचं? म्हणून या वर्षीपासून पुडे वाटेतच वाटून टाकावेत आणि घरी चुरमुरेच यावेत, एवढी विनंती आम्ही चोपदारांना केलीय. त्यांनी मान हलवली, पण हो म्हणाले का नाही ते कळलं नाही.

आणखी एक. दिवे घाटाच्या दिवशी बहुतेक एकादशी येते. घाट चढून सासवडला पोहोचेपर्यंत आपल्या दिंडीत कोणी चुलीजवळ बसायला तयार नसतं, तरी फराळाचं वेळेवर होतं. करतं कोण? पुरुष. दुसऱ्या दिवशी द्वादशीला दीडशे माणसांची कणीक तेच मळतात, पिठलं ढवळतात, पातेली घासतात, आणि त्याला सेवा म्हणतात. आम्ही डोळ्यांनी पाहिलंय. तेच हात आषाढी करून घरी आले, की मिठाचा डबा कुठं आहे ते विचारतात. घरातल्या चुलीला सेवा का म्हणत नाहीत, हे आम्हाला कोणी सांगावं. धाकटीच्या यजमानांनी, नाव घेत नाही, रात्रीची पेज आपल्याकडं घेतली. सुरुवातीला करपवली. आता थोरलीपेक्षा बरी करतात, हे थोरलीनंच लिहायला सांगितलंय.

शेवटी जिजाईंबद्दल थोडं बोलू द्या. कीर्तनात तुकोबांची आवली आली, की महाराज आवाज बारीक करतात, हातवारे करतात आणि मंडप हसतो. कजाग बायको. आम्हीही हसत आलो. पण हे सगळं झाल्यावर आम्ही दोघी त्या गोष्टीकडं निराळ्या नजरेनं बघायला लागलो. त्या मोठ्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली, मुलगा संतू गेला, असं परंपरा सांगते. त्याच घरात ही पुण्याहून आलेली दुसरी बायको. पोरं लहान. ज्या घरातलं एक मूल अन्नावाचून गेलंय, तिथल्या बाईनं धान्यासाठी आरडाओरडा करायचा नाही, तर कोणी करायचा? आणि तरीही रोज भाकरी बांधून भंडाऱ्याचा डोंगर चढायची, पायात काटा मोडायचा. तो काटा देवानं येऊन काढला म्हणतात. आमच्या मते देवाला तिचं ओरडणं कळलं होतं. जनाबाईंचं दळण दळायलाही तो आला होता. आमच्याकडं नुसताच कुकर आला.

तेव्हा यापुढं तो प्रसंग लागला, तर महाराजांनी थोडं सांभाळून सांगावं, ही आम्हा सगळ्याजणींची विनंती. हसवायला दुसरे प्रसंग पुष्कळ आहेत.

दर एकादशीच्या भजनाला आपण मुलांना चहा-खारी देतो. भजनाला येणाऱ्या आम्ही अकराजणींनी ठरवलंय, की ते बंद. एकादशी मोठ्यांची, पाच वर्षांच्या आतल्या मुलाला उपास नसतो. येत्या एकादशीला भजन संपल्यावर देवळाच्या मागच्या ओसरीवर मुलांसाठी कणीची पेज, तूप आणि नाचणीचे लाडू असतील. पातेलं आमचं, तूप आमच्या गाईचं. वाट्या आणि चमचे ज्याचे त्यानं घरून आणावेत, आणि पातेलं घासायला दोन टाळकरी लागतील. नावं आत्ताच द्या, वही आशाताईंकडं आहे.

राम कृष्ण हरी.